अडलेल्याचा भाव

घराजवळ झालेले पंक्चर ही काही सांगण्यासारखी घटना नसते. श्रीरामपुरात मेनरोडवर किंवा नेवासा रस्त्यावर मोटरसायकलचे चाक बसले, तर आपण ती ढकलत ओळखीच्या दुकानापर्यंत नेतो, किल्ली तेथेच ठेवतो, ‘दुपारी पोऱ्याला पाठवतो’ असे सांगतो आणि दुकानात येऊन बसतो. पंक्चरवाल्याने पाच रुपये अधिक सांगितले तर पुढच्या चौकात दुसरा बसलेला आहे, हे त्यालाही ठाऊक असते आणि आपल्यालाही. परंतु तोच खिळा, तेच चाक आणि तेवढेच छिद्र घरापासून पन्नास किलोमीटरवर, दिवेलागणीच्या वेळी नशिबी आले, की साऱ्या व्यवहाराचे रूप पालटते. छिद्र काही मोठे झालेले नसते. आपल्यापुढचे पर्याय तेवढे संपलेले असतात.

आपण व्यापारी माणसे. वस्तूला दोन भाव असतात हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. एक बाजाराचा भाव आणि दुसरा अडलेल्याचा. पहिला आवक-जावक, माल आणि मागणी यांवर ठरतो. दुसरा समोरच्याच्या चेहऱ्यावर वाचला जातो. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही म्हण सारेजण हरीच्या बाजूने ऐकतात आणि त्याच्याविषयी हळहळतात. गल्ल्यावर बसणाऱ्याने मात्र ती एकदा दुसऱ्या बाजूनेही ऐकावी. कारण ज्याचे पाय धरले जातात, त्या जागी बहुतेक वेळा आपणच असतो.

मोटरसायकलस्वार इतका परावलंबी का होतो, याला थोडा इतिहास आहे. हवा भरलेला टायर व्यवहारात आणला तो बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने, आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. त्याचे पेटंट १८८८ सालचे. प्रवास मऊ झाला, पण त्याचबरोबर पंक्चर नावाची नवी आपत्ती जन्माला आली. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील क्लेर्मों-फेरां या गावी मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात एक सायकलस्वार असाच फसलेला टायर घेऊन आला. टायर धावेला डिंकासारख्या द्रव्याने चिकटवलेला असे. तो सोडवून दुरुस्त करण्यात काही तास गेले आणि चिकटवलेला वाळण्यासाठी रात्रभर ठेवावा लागला. त्या अनुभवातून या बंधूंनी धावेवरून सहज काढता-घालता येईल असा टायर तयार केला आणि १८९१ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आज कोणत्याही फाट्यावरचा पंक्चरवाला दोन लिव्हर घालून पाच मिनिटांत टायर उलटा करतो, त्यामागे ती एक रात्र आहे.

मोटारींना जादा चाक मिळाले ते त्यानंतर. वेल्समधील लानेली या गावी स्टेपनी स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास असे जादा चाक विकायला काढले. रस्त्याचे नाव चाकाला लागले. आपल्याकडे मात्र ‘स्टेपनी’ हा शब्द इतका मराठी झाला आहे, की तो एका परक्या गावातील रस्त्याचा आहे असे सांगितले तर कोणाचा विश्वास बसणार नाही.

आपल्या पिढीने पाहिलेल्या दुचाकींत स्टेपनीचा मान स्कूटरचा. १९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतकला जादा चाक असे. स्कूटर जरा कलती करून नट सोडले की गृहस्थ दहा मिनिटांत मार्गस्थ होई. त्याच वर्षी आलेली लुना तर आपल्या जिल्ह्याची लेक. फिरोदिया परिवाराच्या नगरच्या कारखान्यातून निघालेल्या त्या गाडीला पायडल होते. पेट्रोल संपले तरी ती सायकलसारखी घरी आणता येई. पुढे १९८५ पासून चार स्ट्रोकच्या शंभर सीसी मोटरसायकली आल्या. एका लिटरमध्ये दूर जाणाऱ्या या गाड्यांनी आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातील व्यापाऱ्याचे क्षेत्र वाढवले. सकाळी निघून शेवगाव, पैठण करून रात्री घरी येता येऊ लागले. मात्र या गाडीला ना स्टेपनी, ना पायडल. एका खिळ्याने ती थांबली, की तिचा मालक परक्या माणसाच्या स्वाधीन होतो.

१९९६ च्या जानेवारीतली गोष्ट. आमचे दुकान पाइप, फिटिंग आणि पाण्याच्या मोटारींच्या सुट्या भागांचे. त्या काळी शेवगाव भागातील चार-पाच लहान दुकानदार आमच्याकडून उधारीवर माल नेत आणि संक्रांतीच्या आसपास वसुलीला जाण्याचे काम माझ्याकडे असे. त्या दिवशी वसुली चांगली झाली होती. नोटांचे पुडके शर्टाच्या आत बंडीच्या खिशात होते. शेवगाव सोडून कुकाण्याच्या दिशेने निघालो तेव्हा सूर्य उसाच्या तुऱ्यांवर टेकला होता. साखर कारखान्याचा हंगाम ऐन भरात होता आणि भेंड्याच्या कारखान्याकडे उसाच्या टायरगाड्यांची रांग लागलेली होती. एका गाडीला बाजू देऊन पुढे होताच मागचे चाक लचकले, गाडी साप चालावा तशी वळवळली आणि कशीबशी कडेला थांबली.

वाकून पाहिले. टायरमध्ये जाड डोक्याचा एक खिळा रुतलेला होता. मागून आलेल्या गाडीवानाने बैल न थांबवताच तो ओळखला. “पत्रीचा खिळा हाय, शेठ. आमच्याच कुणाच्या तरी बैलाचा गळाला असंल.” उसाच्या वाहतुकीला जुंपलेल्या बैलांच्या खुरांना नाल ठोकलेले असतात, डांबरी रस्त्यावर ते झिजतात आणि त्यांचे खिळे वाटेत पडतात. त्याच्याजवळ पंप होता, पण तो कोपीवर राहिलेला. कोपी म्हणजे ऊसतोडीच्या तळावर पाचटाची उभी केलेली झोपडी. पाथर्डीच्या पुढे कोठेतरी त्याचे गाव होते. दिवाळीनंतर घर सोडलेला हा माणूस हंगाम संपेपर्यंत घरी परतणार नव्हता. मी घरापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर अडलो म्हणून कासावीस झालो होतो. तो सहा महिने अडूनच राहिला होता. “गाडीवर बसू नका, नुसती ढकलत आणा. पुढं फाट्यावर अण्णाचं दुकान हाय,” असे तो म्हणाला.

सुमारे तीन किलोमीटर मी उसाच्या गाड्यांबरोबर चाललो. बसलेल्या चाकाची मोटरसायकल ढकलणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. गाडी पावलागणिक मागे ओढते. अंधार पडला. बंडीतील पुडके दर पावलाला छातीवर आपटत होते आणि त्याचा आवाज इतरांनाही ऐकू जात असावा असे वाटत होते. खरे सांगायचे तर त्या वाटेवर मला कोणी त्रास दिला नाही. गाडीवानाने कंदील माझ्या बाजूला टांगला, एवढेच.

फाट्यावर पत्र्याची टपरी, बाहेर जुन्या टायरांची चळत आणि भारनियमनामुळे पेटवलेली गॅसबत्ती. अण्णा म्हणजे केरळचा माणूस. आपल्याकडच्या हमरस्त्यांवर टायरचे काम करणारे कितीतरी जण त्या काळी केरळहून आलेले असत. पन्नाशीचा, कृश, लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्याने काही न विचारता गाडी स्टँडवर घेतली, आस सोडला, साखळी उतरवली, चाक बाहेर काढले, टायर उलटला आणि ट्यूब ओढून काढली. वीज नसल्याने हातपंपाने हवा भरली आणि ट्यूब घमेल्यातील पाण्यात फिरवू लागला. खिळ्याच्या जागी बुडबुडे आले. ते अपेक्षितच होते. मग व्हॉल्व्हच्या बुडाशीही बुडबुड्यांची एक बारीक माळ उठली. गाडी थांबेपर्यंत ट्यूब आतल्या आत ओढली गेली होती आणि तेथे चीर पडली होती.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ट्यूबच्या सपाट भागावरचे छिद्र कानशीने खरवडून, सोल्युशन लावून, ठिगळ चिकटवून बुजवता येते. व्हॉल्व्हच्या बुडाशी ठिगळ बसत नाही; तेथे फाटली की ट्यूब नवीच घालावी लागते. अण्णाने मान हलवली, आत गेला आणि खोक्यातून एक ट्यूब घेऊन आला. माझ्या मापाची त्याच्याकडे ती एकच होती.

आता व्यवहाराची मांडणी पाहा. विकणारा एक. घेणाराही एकच, आणि त्याला रात्री घरी पोहोचायचे आहे. माल एक नग. दुसरे दुकान कुकाण्याला, तेही उघडे असेल याची शाश्वती नाही. एवढ्यावर थांबले असते तरी पुष्कळ होते. परंतु पैसे काढताना गॅसबत्तीच्या उजेडात माझे पुडके त्याला दिसले. मी ते घाईने आत सरकवले, पण त्याने पाहिले होते आणि त्याने पाहिल्याचे मी पाहिले होते. व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाच्या मनात अशा वेळी आपोआप आकडे उभे राहतात. याच्या जागी मी असतो तर किती सांगितले असते, असा हिशेब मी मनाशी करू लागलो, आणि तो आकडा दुपटीच्या खाली काही येईना.

अण्णाने ट्यूबची किंमत सांगितली. श्रीरामपुरात आमच्या शेजारच्या दुकानात ती त्याच भावाने मिळाली असती. वर बसवण्याचे दहा रुपये. मग जरा थांबून म्हणाला, “रात का पाँच जास्ती.”

मी पैसे दिले. त्याने चहा ठेवला होता, तो पुढे केला. सूर्यास्तानंतर मी काही घेत नाही असे सांगितल्यावर त्याने समजून मान डोलावली आणि स्वतःचा पेला तोंडाला लावला. चाक बसेपर्यंतचा वेळ आणि मनातला तो आकडा, दोन्ही मला गप्प बसू देईनात. शेवटी विचारलेच, “अण्णा, दुप्पट सांगितले असते तरी मी दिले असते. मग?”

तो हसला नाही. नट आवळता आवळता त्याच्या मोडक्या हिंदीत जे म्हणाला त्याचा आशय असा : तो या फाट्यावर आला तेव्हा त्याला येथील भाषेचा एक शब्द येत नव्हता. तांदूळ घ्यायला गावातील किराणा दुकानात गेला. बोटाने दाखवायचे आणि हातातील नोटा पुढे करायच्या, एवढेच त्याला शक्य होते. दुकानदार त्यातून जितके हवे तितके काढून घेऊ शकला असता. काही महिन्यांनी आकडे समजू लागल्यावर त्याने गावकऱ्यांना काय भाव पडतो ते कान देऊन ऐकले. पहिल्या दिवसापासून त्याला गावचाच भाव लागला होता. “मेरे को लूटने का मौका था, उसको। लूटा नहीं।” एवढे बोलून त्याने पंप उचलला आणि चाकात हवा भरायला लागला.

तो दुकानदार कोण, कोणत्या समाजाचा, हे मी विचारले नाही. गाडी सुरू केली आणि नेवाशावरून रात्री उशिरा घरी पोहोचलो.

याच्या उलट अनुभवही सांगितला पाहिजे, नाहीतर चित्र अपुरे राहील. काही वर्षांनंतर एका मोठ्या शहराच्या वेशीवर माझ्या भाच्याच्या गाडीत एक खिळा निघाला. टायर ट्यूबलेस होता. पंक्चरवाल्याने साबणाचे पाणी लावून पाच छिद्रे दाखवली आणि पाचांचे पैसे घेतले. घरी आल्यावर ओळखीच्या कारागिराने टायर पाहून सांगितले, की यातील चार छिद्रे एकाच जाडीच्या टोच्याची आहेत. बंगळूरच्या रस्त्यांवरून वाहतूक पोलिसांनी खिळे वेचल्याच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत. अडलेला मनुष्य मिळत नसेल तर तो तयार करायचा, असा हा धंदा.

अण्णाच्या ‘रात का पाँच जास्ती’ या शब्दांवर मात्र मी बराच विचार केला आहे. ते पाच रुपये मला कधी खटकले नाहीत. रात्री दुकान उघडे ठेवायचे म्हणजे बत्तीचे तेल जळते, झोप मोडते, वीज नसताना हाताने हवा भरावी लागते. हा त्याचा खर्च आहे आणि त्याचे मोल मागणे त्याचा हक्क आहे. आपल्या कष्टाचा भाव वाढवणे आणि समोरच्याच्या असहायतेचा भाव लावणे या दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचे हिशेब निराळ्या वह्यांत जातात. पहिला आकडा विकणाऱ्याकडे पाहून निघतो, दुसरा घेणाऱ्याकडे पाहून. पुडके दिसल्यावरही अण्णाचा आकडा बदलला नाही, याचे कारण तो आपल्या खर्चाकडे पाहत होता.

आपल्या समाजाने या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे, असे म्हणण्याला माझ्याजवळ कारण आहे. आपले पूर्वजही अण्णासारखेच आले. दोर-लोटा घेऊन मारवाडातून निघालेली माणसे परक्या मुलखात, परक्या भाषेत, गावाच्या कडेला दुकान मांडून बसली. आमचे दादाजी प्रथम प्रवरेकाठच्या बेलापुरात उतरले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला होता. बेलापूरच्या नावाच्या त्या स्थानकाभोवती पुढे जी पेठ वसली, तीच आपले श्रीरामपूर. पेठ वाढली तसे दादाजीही इकडे आले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, पाटाला पाणी खेळू लागले, ऊस आला, कारखाने आले आणि दुकाने भरभराटली. ही कथा आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीही.

पण त्याच लोहमार्गाच्या आधी तीन वर्षे याच जिल्ह्यात दुसरी एक कथा घडली आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. लोण नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे या भागांत पसरले. सावकारांत मारवाडी आणि गुजर यांचा भरणा मोठा होता. इतिहासकार एक गोष्ट आवर्जून नोंदवतात : जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे हाती दिले तर बहुतेक ठिकाणी अंगाला हात लागला नाही. रोखे मात्र चव्हाट्यावर जाळले गेले. त्याआधीच्या दशकात अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचे भाव चढले होते, ते युद्ध संपताच उतरले. सरकारने शेतसारा वाढवला आणि तो रोखीने, ठरल्या तारखेला भरायचा होता. त्या तारखेच्या आदल्या दिवशी दुकानाच्या पायरीवर उभा असलेला कुणबी म्हणजे चाक बसलेला वाटसरूच. त्याला कोणता भाव लागला, त्याचे उत्तर त्या कागदांत लिहिलेले होते. १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदाच करावा लागला.

सगळेच सावकार तसे नव्हते, हे मी जाणतो. कुकाण्याच्या वाटेवरच्या फाट्यावरील किराणा दुकानदारासारखेही पुष्कळ असतील. पण ज्याने लुटले नाही त्याची दप्तरात नोंद होत नाही. त्याची नोंद एखाद्या अण्णाच्या मनात राहते आणि वीस वर्षांनी भलत्याच माणसाच्या उपयोगी पडते.

आमच्या दुकानात हा प्रश्न पुस्तकातला नाही, रोजचा आहे. पाटाचे आवर्तन सुटले, की शेतकऱ्याला पाळीच्या दिवशी पाणी घ्यावेच लागते. नेमकी त्याच रात्री विहिरीवरच्या मोटारीचे बुश झिजते, फूटव्हॉल्व्ह पाणी सोडतो, स्टार्टरची कॉइल जळते. साठ रुपयांच्या वस्तूवर दोन एकरांचे पीक अडलेले असते. रात्री साडेदहाला घराची कडी वाजते आणि चिखलाच्या पायांनी कोणी दारात उभा राहून म्हणतो, “शेठ, तेवढं दुकान उघडा.” या क्षणी तो कोणताही आकडा मान्य करील, हे आम्हाला माहीत असते.

बाबूजींनी याची एक रीत घालून दिली होती. जुन्या दुकानदारांना सांगायला नको, की मालाच्या खोक्यावर खरेदीचा भाव सांकेतिक अक्षरांत लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे. गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की नोकराने खूण पाहायची आणि कोठपर्यंत उतरायचे ते ठरवायचे. बाबूजींनी दुकानातील मालाचे दोन भाग केले. पाइप, मोटार, केबल ही विचार करून घ्यायची खरेदी. तिच्यावर सांकेतिक अक्षरे. फूटव्हॉल्व्ह, बुश, कॉइल, वॉशर, कपॅसिटर या वस्तू घ्यायला माणूस अडल्यावरच येतो. त्यांच्या खोक्यांवर विक्रीचा भाव उघड्या आकड्यांत, गिऱ्हाइकाला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत. त्यावर ना घासाघीस, ना वाढ. रात्री दुकान उघडावे लागले तर ‘रात्रउघडणी’ म्हणून एक ठरीव रक्कम, तीही फळीवर लिहिलेली. ती दुकान उघडणाऱ्या नोकराच्या हातात जाई, गल्ल्यात नाही. बाबूजी म्हणत, “नोकराची झोप मोडली, त्याचे पैसे त्याला. आपले काय मोडले?”

हा विषय आता नव्या रूपाने आमच्या घरात आला आहे. मुलगा पुण्यात शिकला. तो म्हणतो, पाऊस पडू लागला की ॲपवरच्या रिक्षाचे भाडे आपोआप वाढते, त्यात वाईट काय? भाडे वाढते म्हणूनच घरी बसलेला रिक्षावाला बाहेर येतो आणि अडलेल्याला वाहन मिळते. स्वस्त पण न मिळणाऱ्या रिक्षापेक्षा महाग पण मिळणारी बरी. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. अण्णाचे ‘रात का पाँच’ म्हणजे हेच. परंतु यालाही कोठेतरी कुंपण लागते, हे सरकारलाही मानावे लागले आहे. २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी अशा भाड्यावर मूळ भाड्याच्या दीडपट अशी मर्यादा घातली. २०२५ मध्ये ती दुप्पट झाली. मार्च २०२० मध्ये करोनाच्या तोंडावर मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घालून २०० मिलीलिटर बाटलीला १०० रुपयांची कमाल किंमत ठरवावी लागली. तेव्हा बाटल्या कोणी दडवल्या आणि कोणी मूळ किमतीला दिल्या, हे प्रत्येक पेठेला ठाऊक आहे. गिऱ्हाइके बोलत नाहीत, पण विसरतही नाहीत.

मी मुलाला एवढेच म्हणालो, की ॲपला माणसाचा चेहरा दिसत नाही, म्हणून त्याला मर्यादा बाहेरून घालावी लागते. आपण गल्ल्यावर बसतो, आपल्याला चेहरा दिसतो. त्यावर तो म्हणाला, “पण बाबा, दुप्पट भाव लावणाऱ्यालाही चेहरा दिसतच असतो.” याचे उत्तर माझ्याजवळ नाही. चेहरा दिसूनही आकडा बदलायचा नसेल, तर तो चेहरा दिसण्याच्या आधीच लिहून ठेवलेला बरा, असे मात्र त्या दिवसापासून मला वाटू लागले आहे. बाबूजींनी उघडे आकडे का लिहून घेतले असतील, हेही त्याच दिवशी अधिक कळले. ते स्वतःलाही ओळखून होते.

जाता जाता, चातुर्मासात दर्शनाला किंवा व्यवसायासाठी दुचाकीवर दूर जाणाऱ्या आपल्या तरुणांसाठी दोन शब्द. आता बहुतेक गाड्यांना ट्यूबलेस टायर आहेत. त्यात खिळा रुतला तरी हवा हळूहळू जाते. म्हणून खिळा वाटेत उपसू नये, वेग कमी ठेवून दुकान गाठावे. लहान हातपंप आणि छिद्रात भरण्याच्या रबरी वातींचा संच डिकीत मावतो. ट्यूबचा टायर असेल तर बसलेल्या चाकावर गाडी चालवू नये, ढकलत न्यावी. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर गाड्यांच्या चाकोरीतून जाऊ नये; नालांचे खिळे तेथेच पडतात. आणि पंक्चरवाला साबणाचे पाणी लावत असताना चहाला न जाता शेजारी उभे राहावे.

गेल्या महिन्यात मुलाने दुकानातील सगळा माल संगणकावर चढवला. प्रत्येक वस्तूपुढे खरेदीचा भाव, विक्रीचा भाव आणि सवलतीची मर्यादा असे तीन रकाने आहेत. अडल्या वेळी लागणाऱ्या एक्केचाळीस वस्तूंपुढचा तिसरा रकाना त्याने कुलूपबंद केला आहे. तेथे आकडा ना खाली जातो ना वर. तसे करायला मी त्याला सांगितले नव्हते. यादी तेवढी माझ्याकडून तपासून घेतली. तीत मोटारीच्या पंख्याचे आवरण राहिले होते, ते मी घालायला सांगितले.